दोन रेणूंचे एक कलम

सदाफुलीला मुद्दाम कोणी पाणी घालत नाही. नागपूरच्या मे महिन्यात कुंडीतली तुळससुद्धा मान टाकते, पण ही गुलाबी-पांढरी फुले कुंपणाच्या फटीतून, नालीच्या काठावरून, महालातल्या एखाद्या पडक्या वाड्याच्या भिंतीतून डोके वर काढून उभी असतात. देवाला फुले कमी पडली तर तिची आठवण होते, एरवी नाही. मात्र या दुर्लक्षित झुडपाच्या पानात एक विलक्षण काम अखंड चालू असते. पानात कॅथरॅन्थिन आणि विंडोलिन ही दोन वेगवेगळी द्रव्ये तयार होतात. झाड या दोघांना एकमेकांशी जोडते आणि त्यातून व्हिन्ब्लास्टिन हा तिसराच, मोठा रेणू जन्माला येतो. हे व्हिन्ब्लास्टिन कर्करोगावरचे औषध आहे. त्याचे सख्खे भावंड व्हिन्क्रिस्टिन लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात गेली सहा दशके वापरले जाते. ज्या दोन भागांतून हा रेणू बनतो ते सुटे सुटे असताना त्यामानाने दुबळेच असतात. सामर्थ्य येते ते जोडणीतून.

माणसाला याचा पत्ता लागला तोही आडवळणाने. सदाफुलीच्या पानांचा काढा मधुमेहावर चालतो, असा समज वेस्ट इंडीजमध्ये होता. १९५० च्या दशकात जमैकाहून ही पाने कॅनडात पोचली. तिथे रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर या संशोधकांनी त्यांचा अर्क उंदरांना टोचला. उंदरांच्या रक्तातली साखर उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र उतरल्या. ज्या रोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात तिथे हेच द्रव्य उपयोगी पडेल, हे या दोघांनी ओळखले आणि १९५८ साली व्हिन्ब्लास्टिन जगापुढे आले.

हा इतिहास मी वारंवार सांगतो, कारण आमच्या गल्लीत आजही सकाळी फिरायला निघालेली मंडळी सदाफुलीची पाने चावताना दिसतात. परवाच एका काकूंनी मला विचारले, "सर, साखरेसाठी चार पानं खाल्ली तर काय बिघडते? झाडपाल्याचंच तर आहे!" काकूंना मी एवढेच म्हणालो, की ज्या पानातल्या द्रव्याचे इंजेक्शन देताना कर्करोगतज्ज्ञ मिलिग्रॅमचा हिशेब ठेवतो, ते पान अंदाजाने चावायचे नसते. 'झाडपाल्याचे आहे' म्हणजे 'निरुपद्रवी आहे' असा अर्थ होत नाही. आजच्या विषयातली ही पहिली गोष्ट वाचकांनी मनात पक्की धरावी.

संत्र्याचा डोळा, जंभेरीचा खुंट

आजचा विषय आहे संकरित रेणूंचा. रेणू म्हणजे पदार्थाचा असा लहानात लहान कण, की ज्यात त्या पदार्थाचे गुण शाबूत राहतात. वनस्पतींतले दोन गुणकारी रेणू घ्यायचे, किंवा एक वनस्पतीतला आणि एक प्रयोगशाळेतला घ्यायचा, आणि त्यांना रासायनिक बंधाने जोडून एकच नवा रेणू घडवायचा, ही औषधनिर्मितीची एक वाट आहे. सदाफुली जे निसर्गतः करते, तेच माणूस समजून-उमजून करू पाहतो आहे.

'हायब्रीड' म्हटले की विदर्भातल्या माणसाला आधी पऱ्हाटीचे बियाणे आठवते. पण या कामाला बियाण्यापेक्षा कलमाचा दाखला अधिक जवळचा वाटतो. काटोल, नरखेड, वरुडकडच्या बागायतदाराला विचारा. संत्र्याचे झाड तो बी पेरून लावत नाही. जंभेरीचे रोप वाढवतो आणि त्याच्या खोडात संत्र्याचा डोळा भरतो. मूळ जंभेरीचे, चिवट. फळ संत्र्याचे, गोड. दोघांचे गुण कायम राहतात आणि झाड मात्र एकच असते. डोळा चुकीच्या जागी बांधला किंवा बांधणी सैल राहिली, तर कलम वाळते. रेणूंचेही नेमके असेच आहे. कोणते दोन जोडायचे, नेमक्या कोणत्या जागी जोडायचे आणि मधला दुवा किती लांबीचा ठेवायचा, यावर सगळे अवलंबून असते.

इथे काढा आणि कलम यांत गल्लत होऊ नये. काढ्यात गुळवेल, सुंठ, तुळस एकत्र उकळतात, पण त्यांतले रेणू आपापले वेगळेच राहतात. पोटात गेल्यावर कोणी लवकर रक्तात उतरतो, कोणी उशिरा, कोणी उतरतच नाही. संकरित रेणूत दोन्ही भाग एकमेकांना बांधलेले असतात. त्यामुळे तो सर्वार्थाने नवा पदार्थ ठरतो. आई-बाप कितीही परिचयाचे असले, तरी मुलाच्या स्वभावाची हमी त्यांच्यावरून देता येत नाही!

ही कल्पना केवळ कागदावरची नाही. १९४० च्या सुमारास स्वीडनमधल्या डॉ. नाना स्वार्ट्झ यांनी सांधेदुखीवर उपाय शोधताना सॅलिसिलिक आम्लाच्या घराण्यातला एक रेणू आणि सल्फा जातीचे एक औषध यांची जोडणी करवून घेतली. विलो झाडाच्या सालीतून जी वेदनाशामक औषधांची परंपरा निघाली आणि ॲस्पिरिनपर्यंत पोचली, तेच हे घराणे. या जोडणीतून सल्फासॅलाझिन तयार झाले. मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथले जिवाणू मधला बंध तोडतात आणि औषध हव्या त्या जागी मोकळे होते. संधिवाताच्या आणि आतड्याच्या जुनाट दाहाच्या रोग्यांना डॉक्टर आजही हे औषध लिहून देतात. म्हणजे कलम धरू शकते, फळही देऊ शकते.

कडू कोयनेल ते दवण्याची बहीण

पण मग सरळ दोन गोळ्या का देऊ नयेत? जोडण्याचा खटाटोप कशाला? याचे उत्तर शोधायला मलेरियासारखा दुसरा धडा नाही आणि तो आपल्या विदर्भाच्या अंगाशी आलेला धडा आहे.

जुन्या पिढीला कडू कोयनेल आठवत असेल. सिंकोना झाडाच्या सालीतले हे क्विनाइन पेल्तिए आणि कॅव्हांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८२० साली वेगळे केले. इंग्रजांच्या काळात त्याच्या पुड्या टपाल कार्यालयांतून विकत मिळत. पुढे त्याच धर्तीवर प्रयोगशाळेत घडवलेले क्लोरोक्विन आले. स्वस्त, सुटसुटीत आणि खात्रीचे. मलेरिया आता संपलाच, असे वाटू लागले. पण मलेरियाचा जंतू हुशार निघाला. १९७३ साली आसाममध्ये क्लोरोक्विनला दाद न देणारा फाल्सिपेरम मलेरिया आढळला आणि हळूहळू देशाच्या इतर भागांतही तो पसरला.

नवे औषध पुन्हा एका वनस्पतीतूनच मिळाले. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९६७ मध्ये, चीनने मलेरियावरचे औषध शोधण्याची गुप्त मोहीम हाती घेतली. तू यूयू या संशोधिकेने जुने वैद्यकग्रंथ चाळले. चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात चिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस घ्यावा, असे लिहिलेले तिला सापडले. उकळावे, असे लिहिलेले नव्हते! उष्णतेने गुण जात असावा, हे ताडून तिने कमी तापमानात इथरने अर्क काढला. त्यातून १९७२ मध्ये आर्टिमिसिनिन हाती लागले आणि २०१५ साली तू यूयूंना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या दवण्याच्या जुड्या आपण जोतिबाला वाहतो, त्या दवण्याच्याच कुळातली ही वनस्पती. अर्थात औषध म्हणून कोणी दवणा खाऊ नये, हे ओघाने आलेच.

या दोन्ही रेणूंची काम करण्याची रीत पाहण्यासारखी आहे. मलेरियाचा जंतू आपल्या तांबड्या पेशीत शिरून तिथले हिमोग्लोबिन खातो. खाऊन उरतो तो लोहयुक्त 'हीम' नावाचा भाग. तो जंतूला विषासारखा असल्यामुळे जंतू त्याचे निरुपद्रवी स्फटिक बनवून टाकतो. क्विनाइन त्या कामात अडथळा आणते, असे मानले जाते. आर्टिमिसिनिनच्या रेणूत ऑक्सिजनच्या दोन अणूंचा एक पूल असतो. हीममधल्या लोहाशी गाठ पडताच तो पूल तुटतो आणि त्यातून निघालेले जहाल तुकडे जंतूच्या शरीराची नासधूस करतात. एकाच स्वयंपाकघरात दोन वेगळे घाव, म्हणा ना!

एकच घाव घालत राहिले तर जंतू तो चुकवायला शिकतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये आर्टिमिसिनिन जातीची औषधे एकेकटी तोंडावाटे देणे थांबवण्याचे आवाहन केले. आता त्यांच्या जोडीला दुसरे औषध देतात. पण या जोडप्याची चाल सारखी नाही. आर्टिमिसिनिनची जात काही तासांतच शरीरातून निघून जाते आणि जोडीदार कित्येक दिवस, कधी काही आठवडे, एकटाच मागे राहतो. त्या काळात नव्याने शिरलेल्या जंतूची गाठ फक्त एकाशी पडते. शिवाय कंबोडियाच्या पश्चिम भागात २००८ च्या सुमारास आणि पुढे २०२० मध्ये आफ्रिकेतल्या रुआंडात आर्टिमिसिनिनलाही जंतू पूर्वीसारखी दाद देत नाही, अशी चिन्हे दिसली. धोक्याची घंटा वाजली आहे.

म्हणून दोघांना एकाच रेणूत बांधण्याची कल्पना पुढे आली. फ्रान्समध्ये तुलूझ इथे बर्नार मेनिए यांच्या गटाने २००० साली आर्टिमिसिनिनसारखा ऑक्सिजनचा पूल आणि क्लोरोक्विनसारखे अंग असलेले 'ट्रायऑक्साक्विन' रेणू घडवले. २००७ मध्ये आयर्लंडमधल्या डब्लिनच्या संशोधकांनी त्याहून सरळ कलम बांधले. आर्टिमिसिनिनचे एक रूप आणि क्विनाइन यांनाच त्यांनी एकमेकांशी जोडले. चीनच्या गवताळ झुडपाला दक्षिण अमेरिकेच्या झाडाचा डोळा! प्रयोगशाळेत वाढवलेल्या जंतूंवर हा संकरित रेणू दोन्ही सुट्या औषधांपेक्षा आणि त्यांच्या समसमान मिश्रणापेक्षाही प्रभावी ठरला. मिश्रणापेक्षाही, हे शब्द इथे मोलाचे आहेत. जोडणीने काही अधिक मिळते, याचा तो पुरावा होता.

गडचिरोली किती दूर?

डब्लिन नागपूरहून हजारो मैल दूर आहे. गडचिरोली मात्र पावणेदोनशे किलोमीटरच्या आत आहे. महाराष्ट्रात मलेरियाचा विषय निघाला की या जिल्ह्याचे नाव नेहमी पुढे येते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला आणि भामरागडचा संपर्क तुटला, ही बातमी आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. तिकडे तीन दिवसांच्या गोळ्या म्हणजे नुसती तीन दिवसांची गोष्ट नसते. पहिल्या दिवशी ताप उतरला की माणूस धानाच्या बांधीत कामाला जातो आणि उरलेल्या गोळ्या डबीतच राहतात. अर्धवट मारलेला जंतू तेवढ्यात शहाणा होतो. एकदाच घ्यायची, दोन घाव घालणारी एकच गोळी मिळाली, तर तिचे मोल दिल्ली-मुंबईपेक्षा एटापल्लीत आणि धानोऱ्यात अधिक आहे.

या मुलखाने मलेरियाची किंमत रक्तानेच मोजली आहे, आणि हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. विदर्भात ज्या सिकलसेल आजाराने कितीतरी कुटुंबे ग्रासली आहेत, तो टिकून राहण्यामागे मलेरियाच आहे. आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच सिकलसेलचे जनुक मिळालेल्या मुलाला तीव्र मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, असे ॲन्थनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले. दोघांकडूनही ते मिळाले, की मुलाच्या वाट्याला जन्मभराच्या वेदना येतात.

सिकलसेलच्या औषधाची एक कथाही इथे सांगितली पाहिजे. व्हॅनिला आइस्क्रीमचा सुवास ज्या व्हॅनिलिनमुळे येतो, त्या वनस्पतिजन्य रेणूमुळे सिकलसेलचे हिमोग्लोबिन गोठून ताठर होण्याचे प्रमाण कमी होते, असे प्रयोगशाळेत दिसले होते. व्हॅनिलिन पोटातून रक्तात नीट टिकत नाही. मग त्याच जातीच्या गुणधर्माचा, अधिक टिकाऊ रेणू रेखाटला गेला. तेच व्हॉक्सेलोटर. २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. रक्तातले हिमोग्लोबिन वाढलेले दिसले, आशा पालवल्या. पुढच्या चाचण्यांत मात्र औषध घेणाऱ्यांत वेदनेचे झटके आणि मृत्यू यांचे प्रमाण काळजी वाटावी असे आढळले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. हे औषध काही दोन रेणूंचे कलम नव्हते. पण वनस्पतीचा वारसा आणि सुबक आराखडा असूनही अखेरचा निकाल रोग्याच्या शरीरातच लागतो, हे त्याने दाखवून दिले. कलमांनाही हाच नियम लागू आहे.

पिवळे स्फटिक आणि पुढचा रस्ता

मी रसायनशास्त्राचा मास्तर. आमच्या विदर्भातल्या कितीतरी प्रयोगशाळांमध्ये 'चाल्कोन' नावाचे पिवळे स्फटिक पिढ्यान्‌पिढ्या बनत आले आहेत. साधी दोन द्रव्ये, थोडा अल्काली, रात्रभराची वाट, आणि सकाळी चंचुपात्राच्या तळाशी हळदीसारखा साका! ज्येष्ठमधात याच जातीचा लिकोचाल्कोन असतो आणि तो मलेरियाच्या जंतूला रोखतो, असे १९९४ मध्ये दिसून आले. तेव्हापासून चाल्कोनला कधी क्विनोलिनचे, कधी आणखी कशाचे कलम बांधण्याचा उत्साह सगळीकडेच वाढला. हल्ली संगणकाच्या पडद्यावर रोगजंतूच्या प्रथिनात आपला रेणू कुलपातल्या किल्लीसारखा बसतो का, तेही आधी पाहता येते. मुले-मुली मोठ्या हौसेने हे करतात आणि त्यांचे मला कौतुक आहे.

पण किल्ली पडद्यावर बसणे वेगळे आणि दार उघडणे वेगळे. मधल्या अडचणी मी विद्यार्थ्यांना हिशेबाने दाखवतो. तोंडावाटे घ्यायच्या औषधाचे रेणुभार साधारण पाचशेच्या आत असावे, असा एक ठोकताळा ख्रिस्तोफर लिपिन्स्की यांनी १९९७ मध्ये मांडला. आर्टिमिसिनिनचा रेणुभार २८२, क्विनाइनचा ३२४. बेरीज सहाशेच्या वर! ठोकताळ्याला अपवाद असतात, व्हिन्ब्लास्टिन तर आठशेच्याही वर आहे. पण ते शिरेतून द्यावे लागते. भामरागडच्या पाड्यावर शीर शोधत बसायला कोण असते? दुवा लवकर तुटला तर कलम बांधून काय मिळवले, आणि तुटलाच नाही तर दोन्ही भागांना आपापले काम करायला मोकळीक मिळेल का, हा दुसरा पेच. शिवाय दोन औषधांचे प्रमाण एकास एक असे कायमचे ठरून जाते. एकाची मात्रा वाढवून दुसऱ्याची कमी करण्याची सोय डॉक्टरच्या हातात उरत नाही.

आपल्या लाडक्या हळदीचे उदाहरण घ्या. तिच्यातल्या कर्क्युमिनवर आणि त्याच्या संकरांवर जगात निबंधांचा पाऊस पडला. तरी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या काही औषधरसायनतज्ज्ञांनी सगळा लेखाजोखा मांडून सांगितले, की हा रेणू अस्थिर आहे, रक्तात जेमतेम पोचतो आणि चाचण्यांतल्या अनेक रसायनांशी उगाच लगट करून खोटे यश दाखवतो. त्याने फोडणीतल्या हळदीचे महत्त्व कमी होत नाही. पण फोडणी आणि औषध यांतले अंतर कळते.

तुलूझचे आणि डब्लिनचे रेणूही अजून दवाखान्याच्या फळीवर आलेले नाहीत. यात केवळ रसायनशास्त्राचा दोष नाही. उंदरापासून माणसापर्यंतच्या चाचण्यांना अफाट पैसा लागतो आणि मलेरियाचा रोगी बहुधा गरीब असतो. त्याच्या खिशाकडे पाहून कोणी एवढी गुंतवणूक करीत नाही. आपल्याकडे हा रस्ता कधी कोणी तुडवलाच नाही, असे मात्र नाही. आर्टिमिसिनिनपासून घडवलेले आर्टिइथर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने विकसित केले आणि मुंबईच्या एका कंपनीने १९९० च्या दशकात ते इंजेक्शनच्या रूपात बाजारात आणले. सरकारी प्रयोगशाळा, खाजगी कारखाना आणि रुग्णालये एका दोरीत आली तेव्हा हे घडले.

नागपूरकडे यातल्या बऱ्याच गोष्टी आहेत. अमरावती रोडवर विद्यापीठ आणि एल.आय.टी. आहे. मेडिकल आणि मेयोच्या वॉर्डांत गडचिरोलीपासून बालाघाटपर्यंतचे रोगी येतात. चौकाचौकात औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आहेत. रेणू बनवणारे आणि रोगी पाहणारे एकाच शहरात राहतात, पण त्यांची गाठ क्वचित पडते. पिवळे स्फटिक बाटलीत, बाटली कपाटात, आणि प्रबंध ग्रंथालयात अशी वाटणी होऊन जाते. ज्या मुलीने दोन वर्षे खपून रेणू जोडला, तिला तो जंतूवर तपासायला कुठे पाठवायचा, याचे उत्तर पदवीबरोबरच मिळायला हवे. त्यासाठी फार मोठ्या इमारती नकोत. तपासणीची एक भरवशाची सोय आणि 'उपयोग झाला नाही' हा निकालसुद्धा मानाने छापण्याची वृत्ती, एवढ्याने सुरुवात होईल.

घरच्या माणसांसाठी सांगायचे तर तीनच गोष्टी आहेत. मलेरियाच्या गोळ्या ताप उतरला तरी पूर्ण घ्याव्यात. अंगणातल्या झाडाचा प्रयोग स्वतःवर करू नये. आणि घरातले मूल रसायनशास्त्राकडे वळते म्हणाले, तर 'त्यात पुढे काय' असे विचारून त्याचा हिरमोड करू नये. बागायतदार कलम बांधतो तेव्हा पहिल्या बहारासाठी त्याला पाच-सहा वर्षे थांबावे लागते, हे त्याला ठाऊक असते. तोवर तो पाणी देतो, वाळवी झटकतो, उन्हाळे काढतो. रेणूंच्या कलमाला त्याहून कितीतरी अधिक वर्षे लागतात. डोळा भरणारे हात आपल्याकडे आहेत. उणीव आहे ती पुढची वर्षे पाणी घालणाऱ्यांची.